जंजिऱ्यावर वाट दाखवण्याचा एक सीझन

राजापुरीच्या जेट्टीवर पहिल्याच सकाळी चाचांनी मला विचारलं, "आज तिथी कुठली?" मी बॅगेत किल्ल्याचा नकाशा, सनावळ्यांची वही, झेरॉक्सचा गठ्ठा, सगळं घेऊन गेलेले आणि तिथी काही मला माहीत नव्हती. चाचा म्हणाले, तिथी नाही तर भरती कधी ते कळणार नाही, भरती नाही कळली तर पायऱ्या किती उघड्या पडल्यात ते कळणार नाही, मग माणसं उतरवणार कशी? गोष्टी नंतर सांग, आधी माणूस किल्ल्यावर नीट पोचला पाहिजे.

चाचा राजापुरीचेच. आधी होडीवर खलाशी होते, मग तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, आणि गुडघे दुखायला लागल्यावर गाईड. मी अलिबागला शाळेत गणित शिकवते, किल्ल्यांची आवड कॉलेजपासूनची. आमच्या ओळखीतल्या काही लोकांनी ठरवलं की एक पूर्ण सीझन, म्हणजे ऑक्टोबर ते मे, शनिवार-रविवारी जंजिऱ्यावर जाऊन येणाऱ्या लोकांना मदत करायची, पैसे घ्यायचे नाहीत. सगळे मिळून अकरा जण, कोणी पेणचं, कोणी रोह्याचं, दोघं मुरुडचेच. मला फोनवर दोनच गोष्टी विचारल्या, उन्हात सहा तास उभी राहशील का आणि एखादी गोष्ट माहीत नसली तर माहीत नाही म्हणशील का. दोन्हीला हो म्हटलं. यातलं दुसरं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

ज्यांनी जंजिरा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुरुडच्या दक्षिणेला राजापुरी गाव, तिथून शिडाच्या होड्या सुटतात आणि पंधरा-वीस मिनिटांत किल्ल्यापाशी नेतात. बेट साधारण २२ एकरांचं, आणि तटबंदी बेटाच्या अगदी कडेवर उभी, म्हणजे भिंत संपते तिथे समुद्रच सुरू होतो. हे नुसतं ठाणं नव्हतं, हे राज्य होतं. सिद्दींचं, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या लोकांचं राज्य, जवळपास ३३० वर्षं चाललेलं, शेवटी ११ तोफांच्या सलामीचं संस्थान म्हणून १९४८ साली भारतात विलीन झालं. जंजिरा हा शब्दच मुळात अरबी जझीरावरून आलाय, जझीरा म्हणजे बेट. त्यामुळे 'जंजिरा बेट' म्हणणं म्हणजे बेट बेट म्हणण्यासारखंच, पण ते मी कोणाला कधी टोकत नाही.

ट्रेनिंग चार रविवार होतं आणि पहिल्या रविवारी आम्ही किल्ल्यावर गेलोच नाही. आम्हाला नेलं खोकरीला. राजापुरीजवळच आहे, रस्त्यावरून दगडी घुमट दिसतात, पण हजारो गाड्या तिथून सरळ निघून जातात. तिथे सिद्दी सुरुल खानाची कबर, शेजारी सिद्दी खैरियत खान आणि सिद्दी कासीम म्हणजे याकुत खान यांच्या कबरी. सगळ्यात मोठा घुमट सुरुल खानाचा, तो त्याने म्हणे स्वतः हयात असतानाच बांधून घेतला. आमच्यातले जे सिनियर काका होते त्यांनी आम्हाला तिथे अर्धा तास नुसतं बसायला सांगितलं. मग म्हणाले, ज्यांच्या घरात तुम्ही लोकांना फिरवणार आहात ती ही माणसं, आधी यांची ओळख करून घ्या. मला ते फार पटलं. शाळेत असताना जंजिरा म्हणजे 'महाराजांना न मिळालेला किल्ला' एवढंच डोक्यात होतं, तिथे आत राहणारी माणसं कोण, कुठून आली, काय खात होती, यातलं काहीच डोक्यात नव्हतं.

दुसऱ्या रविवारी पूर्ण दिवस होडीवर. चाचांनी भरतीचा हिशोब शिकवला आणि गणिताची बाई असल्यामुळे मला तो इतका आवडला की आता वर्गात पण शिकवते. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, माणसं उतरवायला सोपं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, दुपारी पाणी पायऱ्यांवर आपटत असतं. आणि चतुर्थीच्या सुमारास सकाळी नऊला ओहोटी, म्हणजे पहिल्या होडीतल्या लोकांना खालच्या, एरवी पाण्यात असणाऱ्या पायऱ्यांवर पाय ठेवायला लागतो आणि तिथे शेवाळ पण असतं आणि कालवं पण, शेवाळावरून घसरलं तर कालवांनी तळवा कापतो. हे कुठल्या पुस्तकात मला मिळालं नसतं.

उतरवण्याची पण एक पद्धत आहे. होडी महादरवाज्याच्या पायऱ्यांजवळ येते पण लाटेबरोबर वरखाली होत राहते, ती काय बससारखी थांबत नाही. माणसाने लाट वर आलेली असताना पाय टाकायचा, होडी खाली जात असताना कधीच नाही. आपण हात धरायचा नाही, हात घामाने सटकतो, मनगटाच्या वर धरायचं आणि समोरच्याला पण आपलं तसंच धरायला सांगायचं. मोबाईल आधी खिशात, मुलं आधी नाहीत आणि शेवटी पण नाहीत, मध्ये. आणि ज्याला भीती वाटतेय त्याला "काही होत नाही" असं म्हणायचं नाही. चाचा म्हणाले भीती वाटते तो माणूस आपलं ऐकतो, ज्याला वाटत नाही तोच पडतो. मी त्या दिवशी रिकाम्या होडीतून वीसेक वेळा चढले-उतरले, रात्री दंड भरून आलेले, पण पुढे आठ महिने ते एक शिक्षण रोज वापरलं, सनावळ्या नाही वापरल्या तेवढ्या.

तिसरा रविवार प्रथमोपचार, उष्माघात, चक्कर, सीपीआर वगैरे, ते महत्त्वाचं आहेच पण सगळीकडे तसंच असतं म्हणून जास्त लिहीत नाही. चौथ्या रविवारी किल्ला.

आता माझी पहिली खरी फेरी. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, पुण्याची दोन कुटुंबं आणि एक कॉलेजचा ग्रुप, सगळे मिळून बावीस जण. माझ्याकडे दोन तास पुरेल एवढं सांगायला होतं आणि होडीवाले देतात पाऊण तास. ते मला माहीत होतं तरी मी महादरवाज्यासमोर उन्हात उभी राहून निजामशाहीपासून सुरुवात केली. दहा मिनिटांत कॉलेजची मुलं निघून गेली, लहान मुलं रडायला लागली, एक आजोबा सारखे कपाळ पुसत होते आणि मी पाठ केलेलं बोलतेच आहे. तोफांपर्यंत पोचलो तोपर्यंत खालून होडीवाले हाका मारायला लागले. सुरुल खानाचा वाडा, तलाव, दर्या दरवाजा, काहीच दाखवून झालं नाही. परत येताना होडीत एक मुलगी आईला विचारत होती, "आई इथे राजा कुठे राहायचा?" आणि आपण तिला ते दाखवलं नाही याचं मला इतकं वाईट वाटलं की त्या रात्री झोप नाही आली.

चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "माणूस उन्हात उभा केलास ना, त्याचे कान बंद झाले. आधी सावली बघ, मग तोंड उघड."

मग मी सगळं परत बसवलं, सावलीप्रमाणे. दोन रविवार कुठे किती वाजता सावली असते ते वहीत लिहून काढलं आणि जी गोष्ट जिथे सावली तिथे, आणि जिथे ऊन तिथे फक्त बघायचं, बोलायचं नाही. त्याने खरंच सगळं बदललं.

आता मी असं करते. पायऱ्या चढून आत आलं की दरवाज्याच्या देवड्यांमध्ये, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागांमध्ये, गारवा असतो, तिथे सगळ्यांना बसवायचं, पाणी प्यायला लावायचं आणि पहिलं नाव घ्यायचं ते राम पाटलांचं. कारण हे बेट आधी कोळ्यांचं. समुद्रातल्या लुटारूंपासून वाचायला राम पाटलांच्या वेळी कोळ्यांनी इथे लाकडाचे ओंडके रोवून मेढेकोट केला. मग निजामशाहीचा पिरमखान आला, त्याची गोष्ट अशी सांगतात की तो व्यापारी बनून आला, दारूची पिंपं उतरवायची परवानगी मागितली, आणि पिंपांतून सैनिक निघाले. ही गोष्ट सांगताना मी 'सांगतात' हा शब्द आवर्जून वापरते. त्यानंतर बुऱ्हाणखानाने १५६७ ते १५७१ मध्ये दगडी कोट बांधला, त्याला जंजिरे मेहरूब म्हणायचे, आणि १७व्या शतकाच्या सुरुवातीला तो सिद्दी अंबरकडे आला. हा अंबर वेगळा आणि मलिक अंबर वेगळा, पण दोघंही मूळचे हबशी. हबशी म्हणजे ॲबिसिनियाचे, आजचं इथिओपिया.

मुलांसाठी मी कापडावर रंगवलेला एक नकाशा नेते, त्यावर आफ्रिकेचं शिंग, अरबस्तान आणि आपला कोकण किनारा एवढंच. बोटाने रेघ ओढून दाखवायची की ही माणसं इथून इथे आली, बरीचशी विकली जाऊन, गुलाम म्हणून, सैनिक म्हणून, आणि त्यांतले काही या किनाऱ्यावर राजे झाले. एका सहावीतल्या मुलाने विचारलं, "मग ते आईबाबांना भेटायला परत गेले का?" मी माहीत नाही म्हटलं. ते म्हणताना घशाशी आलेलं.

देवडीतून निघालं की दरवाज्याच्या भिंतीवरचं शिल्प. वाघासारखा प्राणी, शरभ म्हणतात, त्याने हत्ती पकडलेत. मी किती ते सांगत नाही, मुलांना मोजायला लावते. चार सगळ्यांना सापडतात पंजात, आणि शेपटीत गुंडाळलेला सगळ्यात शेवटी सापडतो आणि जो शोधतो तो ओरडतोच. इथे दोन मिनिटं पुरतात.

मग सुरुल खानाच्या वाड्याच्या पडक्या भिंतींच्या सावलीत थोडं जास्त थांबायचं, कारण त्या मुलीचा प्रश्न. वाडा तीन मजली होता, आता भिंती उभ्या आहेत आणि खिडक्यांतून आभाळ दिसतं. इथे मी सांगते की सिद्दींमध्ये बराच काळ बापानंतर मुलगा असं नव्हतं, सरदार मिळून त्यांच्यातला जो लायक तो निवडायचे. लोकांना हे फार आवडतं, मला पण आवडतं, कारण त्या काळात आजूबाजूला सगळीकडे गादीसाठी भाऊ भावाला मारत होता. अर्थात भांडणं इथेही झालीच, सत्ता म्हटल्यावर ती येतातच, आणि पुढे नवाब झाल्यावर वारसाहक्क आला. पण खारं पाणी चहूबाजूंनी असलेल्या २२ एकरांत वेगवेगळ्या लोकांना एकत्र नांदवायचं तर लायक माणूस लागतोच ना.

तिथून गोड्या पाण्याच्या तलावाकडे. समुद्राच्या मध्ये गोडं पाणी! इथे काही सांगावं लागत नाही, लोक आपणच गप्प होतात. मी फक्त काठावर उभी राहते कारण कठड्यावर चढून सेल्फी काढणारे इथेच जास्त, आणि पाणी हिरवं आहे, खोल आहे. आमच्यातला एक जण कायम तलावापाशी ही ड्यूटी आधीच ठरवून घेतलेली, आणि सगळ्यात कंटाळवाणी पण तीच आणि सगळ्यात गरजेची पण तीच.

वर बुरुजावर कलालबांगडी. ही प्रचंड तोफ, शेजारी चावरी, लांडा कासम अशी नावं. किल्ल्यावर एकेकाळी ५७२ तोफा होत्या असं प्रत्येक गाईड सांगतो. आणि तोफेबद्दल तर इतक्या गोष्टी, की ही उन्हात तापत नाही, पाच धातूंची आहे वगैरे. मी काही महिने त्या सांगायचे, मग बंद केलं. आता म्हणते, हात लावून बघा. लोक हात लावतात, आपापसात बोलतात, आणि तेवढ्यात मी समोर राजापुरीकडे बोट दाखवते.

कारण इथूनच खरा प्रश्न येतो. प्रत्येक फेरीत येतो, कधी हळू आवाजात, कधी रागाने. "महाराजांना हा का घेता आला नाही?"

यावर मी सगळ्यात जास्त वाचलं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकले. सुरुवातीला मी पटकन बाजू सावरायचे, लोकांना वाईट वाटू नये म्हणून. नंतर वाटलं की यात सावरण्यासारखं काय आहे, उलट जे झालं ते नीट सांगितलं तर दोन्ही बाजूंची माणसं मोठी दिसतात. म्हणून आता सांगते की महाराजांनी एकदा नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. किनाऱ्यावरचं दंडाराजपुरी घेतलं. एक वेळ अशी आली की जंजिऱ्याचा तेव्हाचा प्रमुख फत्तेखान सिद्दी किल्ला द्यायला तयार झालेला, पण त्याच्याच लोकांनी, संबळ, कासीम आणि खैरियत यांनी त्याला बाजूला केलं आणि मोगलांकडे गेले, औरंगजेबाने त्यांना आरमार दिलं, याकुत खान ही पदवी दिली. म्हणजे तेव्हापासून समोर एकटा सिद्दी नव्हता, मागे सुरतेहून मोगलांची मदत होती आणि पावसाळ्यात त्याचं आरमार इंग्रजांच्या मुंबईला जाऊन आसरा घ्यायचं. तोच सिद्दी पुढे १६८९ मध्ये त्याच मुंबईवर चालून गेला आणि माझगाव घेऊन बसला, हे सांगितलं की मुंबईची माणसं एकदम कान टवकारतात. महाराजांनी मग मुरुडसमोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला, आणि तो बालेकिल्ल्यावरून दिसतो, म्हणून इथे मी लोकांना दम लागला तरी वर नेते. पद्मदुर्गाची एक खासियत मला फार भावते, तिथले दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच पुढे आलेला आहे.

मग लाय पाटील. महाराजांचे पेशवे मोरोपंत यांच्या मोहिमेत या कोळी माणसाने रात्री जाऊन तटाला शिड्या लावल्या, मागून यायची कुमक वेळेवर आली नाही, आणि उजाडायला लागलं तसं त्याला परत फिरावं लागलं. परंपरेने सांगतात की महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला तेव्हा तो म्हणाला, आम्ही दर्यावर फिरणारी माणसं, पालखी काय करू? मग त्याला गलबत दिलं आणि त्याचं नावच ठेवलं पालखी. ही गोष्ट सांगताना एकदा होडीचा तांडेल वर आलेला होता, तो मागे उभा राहून ऐकत होता आणि हात जोडून उभा होता. मी तो क्षण विसरणार नाही. राम पाटील पण कोळी, लाय पाटील पण कोळी, आणि आज ज्या होडीतून आपण आलो ती चालवणाऱ्यांत पण कोळी आणि कोकणी मुसलमान दोघं.

आणि संभाजी महाराज. १६८२ साली त्यांनी राजापुरीच्या बाजूने समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली. बुरुजावरून खाली ती खाडी बघा आणि मग विचार करा, दगड, लाकूड, माती, प्रत्येक भरतीला त्यातलं काही वाहून जात असणार आणि तरी टाकत राहायचं. मोगल स्वारी आली म्हणून त्यांना जावं लागलं, दादाजी रघुनाथ देशपांड्यांना मागे ठेवून गेले, पण ते काम पुरं झालं नाही. इथे मी गप्प बसते. भरतीचा हिशोब ज्याने स्वतः केलाय त्याला त्या भरावाची किंमत जास्त कळते असं मला खरंच वाटतं.

एकदा एक तरुण चिडून म्हणाला, तुम्ही शत्रूचं कौतुक का करताय. मी त्याला म्हटलं, दादा, ज्याला छत्रपतींनी इतकी वर्षं, इतकी माणसं, इतका पैसा लावून झुंज दिली तो साधा असेल का? तो काही बोलला नाही, पण उतरताना त्याने दोन बायकांना हात दिला आणि मनगटाच्या वर धरला, मी दाखवलेला तसा.

आता एक गोष्ट जी मला मनापासून सांगायची आहे. आम्ही फुकट करतो म्हणून सुरुवातीला तिथल्या गाईड लोकांना आमची धास्ती वाटली आणि ती बरोबरच होती. त्यांचं घर त्यावर चालतं, होडीत बसलेल्यांकडून मिळून जे पैसे जमतात तेवढ्यावर, आणि तेही आठ महिने, पावसाळ्यात सगळं बंद. आपण शनिवार-रविवार मजेत जाऊन त्यांच्या ताटातलं काढून घेणार असू तर ती कसली सेवा. पहिल्याच महिन्यात एका गाईडने मला तोंडावर विचारलं, "ताई तुमचा पगार चालू आहे ना शाळेत?" मी गप्प झाले. त्यानंतर आम्ही सगळे जेट्टीवर बसलो त्यांच्याबरोबर, चहा झाला, आणि ठरलं की होडीत गाईड असेल तर आम्ही तोंड उघडायचं नाही, त्या लोकांना फक्त उतरायला मदत, तलावापाशी लक्ष, प्लास्टिक गोळा करणं. आम्ही माहिती द्यायची ती सरकारी शाळांच्या सहलींना आणि ज्यांना गाईड परवडत नाही त्यांना, बाकीच्यांना आधी विचारायचं गाईड घेतलाय का, नसेल तर घ्या. हे ठरल्यावर सगळं सुरळीत झालं, आणि आम्ही त्यांना आमच्या झेरॉक्स दिल्या, त्यांनी आम्हाला वारा कसा ओळखायचा ते शिकवलं. पाण्याखालून राजापुरीपर्यंत भुयार आहे या गोष्टीवरून मात्र आमचं अजून एकमत नाही. ते ठामपणे सांगतात, मी विचारलं तरच सांगते आणि ऐकीव आहे म्हणून सांगते.

बाकी मदत म्हणजे बरीच साधी असते. जेट्टीवरच सांगायचं की वॉशरूमला इथेच जाऊन या. चपलेला पट्टा नसेल तर काढून हातात घ्या. पुढे कधी शुक्रवारी आलात तर नमाजाच्या वेळेत होड्या नसतात, चिडू नका, नारळपाणी प्या. एप्रिलमध्ये एक मुलगी उपाशीपोटी आलेली, तोफेपाशी डोळ्यापुढे अंधारी आली, देवडीत आणून झोपवलं, पाय वर केले, बरं वाटल्यावर ओआरएस घोट-घोट पाजलं, वीस मिनिटांत बसती झाली. वाईच्या एक आजी होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कशाबशा पायऱ्या चढल्या आणि म्हणाल्या आता पुढे नाही. मग मी पाऊण तास त्यांच्याजवळ देवडीतच बसले आणि किल्ला तिथूनच सांगितला, डावीकडे काय, उजवीकडे काय. त्यांनी दोनदा डोळे मिटून घेतले, मला वाटलं झोपल्या, तर म्हणाल्या, "बोल ग, मी फिरतेय."

फेब्रुवारीत मुरुडच्या एक मावशी आल्या, नातवंडांना घेऊन, डोक्यावर ओढणी, हातात वेताची पिशवी. मी मुलांना वाडा दाखवत होते आणि म्हटलं इथे आता कोणी राहत नाही. मावशी म्हणाल्या, "आता नाही, पण माझी आजी इथलीच. लग्न होऊन मुरुडला गेली." आणि मग त्या पुढे आणि आम्ही मागे. झाडीतून एक पायवाट होती जी मी आठ-दहा वेळा ओलांडलेली पण आत कधी वळले नव्हते, तिथे जोती होती घरांची. एकापाशी थांबल्या, म्हणाल्या हे नसेल, पुढचं असेल, आजी सांगायची दारातून तळ्यावरच्या बायकांचा आवाज यायचा. आम्ही सगळे थांबून ऐकायला लागलो, आणि खरंच तलावाकडची पोरांची बडबड तिथे स्पष्ट येत होती. मावशी त्या जोत्यावर बसल्या, पिशवीतून नातवंडांना खजूर दिले, मला पण दिला. इतके महिने मी राज्य, तह, वेढे सांगत होते, आणि इथे कोणीतरी हंडा घेऊन रोज त्या तळ्याच्या पायऱ्या उतरत होतं ते सांगायचं राहिलंच होतं. त्या दिवसापासून तलावापाशी मी हे सांगते, नाव न घेता, एक मुलगी इथून लग्न होऊन होडीने मुरुडला गेली म्हणून. बायका तिथे हमखास थांबतात.

मेच्या शेवटी वारा फिरला. लाटांना पांढरी फेसाळ टोकं दिसायला लागली की चाचा फेऱ्या कमी करायला सांगतात, आणि मग एके दिवशी होड्या बंद. शेवटच्या रविवारी आम्ही किल्ल्यावर गेलो नाही, जेट्टीवरच होतो, होड्या वर ओढायला हात लावला, शिडं उतरवून घड्या घातल्या. गोळा झालेल्या प्लास्टिकची पोती मुरुडला पाठवली. चाचांनी विचारलं ऑक्टोबरात येणार का, मी हो म्हटलं, नव्याने चार जणी पण येतायत, त्यांना पहिला रविवार खोकरीलाच नेऊ असं ठरवलंय.

त्याआधी पावसाळ्यात एकदा मुरुडला मावशींकडे जायचं आहे. त्यांच्याकडे आजीचा तांब्याचा हंडा अजून आहे, म्हणाल्या ये, दाखवते, पण जेवायला ये, नुसती बघून जाऊ नकोस.